प्लेटलेट किती?

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी दुपारी आम्ही दोघं इचलकरंजीला आपाच्या घरी पोचलो, तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. भाच्याला डेंग्यू निघालाय एवढं फोनवर कळलं होतं. आत गेलो तर तो खाटेवर उठून बसलेला, उशाला औषधाच्या चिठ्ठ्या, पायाशी शहाळ्यांची पिशवी. विचारपूस करायला येणारा प्रत्येक जण सलाम करून एकच विचारत होता, "प्लेटलेट किती?"

आपा दर वेळी सांगायची, "ब्याण्णव हजार." त्यावर कोणी "या अल्लाह" म्हणायचं, कोणी आपल्या मेव्हण्याच्या वीस हजारांची गोष्ट काढायचं. शेजारच्या भाभींनी पपईच्या पानांचा रस वाटून आणला होता. मामूंनी किवीची फळं आणली होती. कोणी शेळीच्या दुधाची सोय करायला निघालं होतं. सगळ्यांची माया खरी होती आणि सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर होती.

आम्हीही तेच विचारलं. या सदरासाठी इतकी वर्षं डॉक्टरांशी बोलून, वाचून लिहितो आहोत, तरी तोंडातून पहिला प्रश्न तोच निघाला. ताप सकाळीच उतरला होता. पोरगा म्हणाला, "मामू, आज रात्रपाळीला जातो. चार दिवस माग बंद, मीटरमागे मजुरी, घरात काय येणार?" आपाचा जीव वरखाली होत होता, पण घरातले मोठे म्हणाले, "बुखार उतर गया ना, अब कायकू फिकर?" आम्हीही अल्हम्दुलिल्लाह म्हणून चहाचा कप उचलला. तिथे आम्ही चुकलो. ते कसं, हे या महिन्यात सांगायचं आहे, कारण हीच चूक घरोघरी होते.

कागदावरचे आकडे

चहा घेता घेता आपाने रिपोर्ट पुढे केले. एक मंगळवारचा, एक त्याच सकाळचा. ताप रविवारी आला होता, म्हणजे मंगळवार हा तापाचा तिसरा दिवस आणि गुरुवार पाचवा. डेंग्यूत हा हिशेब फार महत्त्वाचा असतो. रिपोर्टवर तारीख असते, पण तापाचा कितवा दिवस हे लिहिलेलं नसतं. ते घरच्यांनीच लक्षात ठेवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

मंगळवारच्या कागदावर 'एनएस-१ पॉझिटिव्ह' होतं. एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचंच एक प्रथिन. विषाणू पेशींमध्ये वाढत असतो तेव्हा ते रक्तात सुटतं, म्हणून पहिल्या पाचेक दिवसांत ही तपासणी उपयोगी पडते. पुढे आपलं शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यातली आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून सापडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली तर 'डेंग्यू नाही' असं समजू नये. आयजीजी ही दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं. पहिल्यांदाच डेंग्यू झाला असेल तर ती उशिरा येतात. तापाच्या सुरुवातीलाच आयजीजी भरपूर दिसली, तर या माणसाला पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला असावा असा संशय घ्यायचा. भाच्याच्या रिपोर्टवर तिसऱ्याच दिवशी आयजीजी पॉझिटिव्ह होतं. त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आपाला विचारलं तेव्हा तिला आठवलं, दोन वर्षांपूर्वी गल्लीत घरटी ताप होता, तेव्हा यालाही चार दिवस ताप येऊन गेला होता. व्हायरल म्हणून गोळ्या घेतल्या आणि विसरून गेले.

मग रक्तपेशी. पांढऱ्या पेशी मंगळवारी ३,१०० होत्या. चार हजारांच्या खालचा आकडा डेंग्यूत नेहमी दिसतो. पांढऱ्या पेशी आधी घसरतात, प्लेटलेट मागून. प्लेटलेट मंगळवारी १ लाख ४० हजार, गुरुवारी ९२ हजार. त्याच्या जरा वर एक ओळ होती, जी त्या घरात कोणी वाचली नव्हती: पीसीव्ही. मंगळवारी ४१, गुरुवारी ४७.

पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात पेशींचा भाग किती टक्के आहे तो आकडा. बाकीचा भाग पाण्यासारखा पातळ असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. आता भाच्याच्या अंगात दोन दिवसांत नवं रक्त थोडंच भरलं होतं? मग ४१ चे ४७ कसे झाले? चक्का बांधताना आपण दही फडक्यात टांगतो. पाणी निथळतं आणि मागे उरतं ते घट्ट. त्याच्या रक्तवाहिन्यांचं तसंच झालं होतं. त्यांच्या भिंती सैल पडून पातळ भाग बाहेर झिरपत होता आणि आत उरलेलं रक्त दाट होत होतं. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या गळतीने. प्लेटलेट कमी झाल्याने रक्तस्राव होऊ शकतो हे खरं, पण आधी पाहायची ती ही गळती.

ताप उतरल्यावर

डेंग्यूचा ताप दोन ते सात दिवस राहतो. या काळात विषाणू रक्तात भरपूर असतो. अंग ठणकतं, डोळ्यांमागे दुखतं, तोंडाची चव जाते. मग ताप उतरतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी हे होतं, आणि बहुतेक रुग्ण तिथून खरोखरच बरे होतात. पण काही जणांच्या बाबतीत पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. विषाणू कमी होत आलेला असतो, थर्मामीटर चांगली बातमी देत असतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्या झिरपू लागतात.

विषाणू कमी झाला, तरी माणूस बिघडतो कशाने? आपल्याच प्रतिकारशक्तीने. विषाणूविरुद्ध शरीर जे सैन्य उभं करतं ते या दिवसांत पूर्ण जोरात असतं. गल्लीत आग लागली आणि बंबवाल्यांनी घरभर पाणी मारलं, तर आग विझते, पण घरही भिजून जातं. तसाच हा प्रकार. संरक्षक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी रक्तात रसायनं सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. थोडी सुटली तर विषाणू आटोक्यात येतो. फार सुटली तर त्यांचा मार रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसतो.

या अस्तरावर साखरेच्या रेणूंचा एक पातळ, मऊ थर असतो, मखमलीसारखा. पाणी आत धरून ठेवायला त्याची मदत होते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या अभ्यासांतून दाखवलं, की आपण ज्याची तपासणी करतो तो एनएस-१ नुसता ओळखीची खूण नाही. तो स्वतः संरक्षक पेशींना चेतवतो आणि वाहिन्यांच्या भिंतीही सैल करतो. म्हणजे एका बाजूने विषाणूचं प्रथिन आणि दुसऱ्या बाजूने आपलीच चेतलेली प्रतिकारशक्ती, असा दोन्हीकडून मार पडतो.

दुसरा डेंग्यू

इथे भाच्याच्या आयजीजीचा अर्थ लागतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापासून बहुधा कायमचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मिळतं ते काही महिन्यांपुरतंच. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला, तर जुनी प्रतिपिंडं त्याला धरतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणू संरक्षक पेशींच्या आत अधिक सहज शिरतो. पहारेकऱ्याने चोराला नीट न ओळखता हात धरून घरात आणावं, तसं.

हे कोड्यासारखं वाटणारं गणित १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हालस्टेड या अमेरिकन डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्याआधी १९५३-५४ मध्ये मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये लहान मुलांमध्ये रक्तस्रावाच्या आणि शॉकच्या डेंग्यूच्या साथी आल्या होत्या. हालस्टेड यांना दिसलं, की गंभीर होणारी मुलं बहुतेक दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली होती. आणखी एक गट होता, वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांचा. त्यांना तर पहिलाच डेंग्यू. पण आईला पूर्वी डेंग्यू झालेला होता आणि तिची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात उतरली होती.

लसीच्या बाबतीतही जगाला हा धडा मिळाला. फिलिपिन्समध्ये २०१६ मध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर केलं, की ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस दिल्यास पुढचा डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो. मोहीम थांबवावी लागली. याचा अर्थ लस वाईट असा कोणी काढू नये. डेंग्यूची लस चारही प्रकारांवर सारखी चालली पाहिजे आणि म्हणूनच ती करणं अवघड आहे, एवढाच याचा अर्थ. आपल्या देशातही आयसीएमआर आणि एका भारतीय कंपनीने मिळून २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकाच डोसच्या लसीची मोठी चाचणी सुरू केली. तिच्यात दहा हजारांहून जास्त लोकांना सामील करून घ्यायचं ठरलं होतं.

एकदा डेंग्यू झालेल्या माणसाने घाबरून जगायचं कारण नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक लोकही बरे होतात. पण पूर्वीचा ताप डॉक्टरांना सांगा. जुने रिपोर्ट फेकू नका. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक फाइल असू द्या. आपण लग्नपत्रिका वर्षानुवर्षं जपतो, रिपोर्ट मात्र पुडी बांधायला घेतो.

फेरिटिनचं काय?

गुरुवारच्या रिपोर्टला दुसरं पानही होतं. कोणीतरी 'फुल पॅकेज' करून घ्यायला सांगितलं होतं, म्हणून लॅबने सीआरपी, फेरिटिन आणि लिव्हरच्या तपासण्याही केल्या होत्या. एसजीओटी १६८, फेरिटिन १,८५०. दोन्हींपुढे लाल खूण. आपाने हळूच विचारलं, "फेरिटिन म्हणजे लोह ना? मग लोह एवढं वाढलं तर चांगलंच की."

इथे गैरसमज होतो. फेरिटिन हे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन, हे खरं. पण तापाच्या आजारात ते वाढतं ते लोह वाढलं म्हणून नव्हे. संरक्षक पेशी चेतल्या की त्या फेरिटिन रक्तात सोडतात. म्हणजे हा आकडा आतल्या लढाईचा जोर सांगतो. सीआरपीचंही तसंच. सायटोकाइनचा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी बनवतं. डेंग्यूत सीआरपी फार चढत नाही, पण सुरुवातीलाच चढलेली असेल तर डॉक्टर सावध होतात. एसजीओटी वाढते ती मुख्यतः यकृताला बसलेल्या मारामुळे. ती कावीळ समजून पथ्याचं औषध सुरू करू नये. फेरिटिन हजारोंच्या घरात चढतच राहिलं आणि ताप हटत नसेल, तर प्रतिकारशक्ती पूर्ण बेलगाम झाल्याची एक दुर्मिळ, पण गंभीर अवस्था असू शकते. ते ओळखणं मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचं काम.

या खुणांवर जगभर काम चालू आहे. आपल्या महाराष्ट्रात पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जिला सगळे एनआयव्ही म्हणतात, १९५२ पासून विषाणूंवर काम करते. सरकारी रुग्णालयांत डेंग्यूच्या आयजीएम तपासणीसाठी वापरले जाणारे किट तिथेच तयार होतात. तिथल्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या डेंग्यू रुग्णांच्या रक्तातले सायटोकाइन मोजून २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया आणि अल साल्वाडोर या चार देशांतल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात तापाच्या पहिल्या तीन दिवसांतल्या रक्तात दहा खुणा मोजल्या. काही प्रतिकारशक्ती चेतल्याच्या होत्या, काही रक्तवाहिन्यांचं अस्तर झिजल्याच्या. त्या दहांत फेरिटिन आणि सीआरपीही होते. पुढे ज्यांचा आजार बळावला त्यांच्या रक्तात या खुणा आधीच चढलेल्या दिसल्या. एकेक खूण वेगळी पाहण्यापेक्षा काही खुणा एकत्र पाहिल्या तर अंदाज जास्त चांगला येत होता. लहान मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी त्यांची जुळणीही वेगळी निघाली.

हे संशोधन पुढे गेलं, तर तिसऱ्याच दिवशी सांगता येईल की याला दाखल करा, याला घरी पाठवा. साथीत जेव्हा एका खाटेवर दोन रुग्ण असतात, तेव्हा या उत्तराची किंमत कळते. पण आज अशी एकही तपासणी नाही, की जिचा एकच आकडा पाहून घरबसल्या निकाल देता येईल. म्हणून आमची विनंती आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हजारो रुपयांची पॅकेजं करू नका. त्याच पैशात रोजचं साधं सीबीसी होतं. डेंग्यूत रोजच्या पीसीव्हीची तुलना जे सांगते, ते एकदाच केलेलं महागडं पॅकेज सांगत नाही.

मग प्रतिकारशक्ती दाबायची का?

हे ऐकल्यावर भाच्यानेच विचारलं, "मामू, आपलीच ताकद उलटते, तर ती कमी करायची गोळी द्यायची ना?" प्रश्न शहाणपणाचा होता आणि डॉक्टरांनाही तो पडलेला होता. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना सुरुवातीलाच स्टेरॉइड देऊन पाहिलं गेलं. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: फायदा दिसला नाही. तरीही गावोगाव तापाला 'पॉवरचं इंजेक्शन' मागणारे आणि टोचणारे आहेतच. त्यात काय असतं हे आपल्याला ठाऊक नसतं. स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं आणि खरा धोका झाकला जातो. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनही नको; त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ताप उतरत नाही म्हणून गोळ्या वाढवल्या, तर आधीच दुखावलेल्या यकृताला त्रास होतो.

प्लेटलेटच्या पिशव्यांचंही असंच. सिंगापूर आणि मलेशियात प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून खाली गेलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. २०१७ मध्ये निकाल आला: चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर ठरवतील. पण नुसता आकडा पाहून नातेवाइकांनी डॉक्टरांच्या मागे लागू नये आणि रात्रीबेरात्री रक्तदात्यांची धावाधाव करू नये. पपईच्या पानांच्या रसाने ही गळती थांबते असंही सिद्ध झालेलं नाही. कडू रसाने उलट्या झाल्या तर पोटातलं होतं ते पाणीही जातं.

त्या रात्री

आम्ही ४१ आणि ४७ पुन्हा वाचले आणि कप खाली ठेवला. भाच्याला विचारलं, "लघवी कधी केलीस?" तो म्हणाला, "सकाळी." तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. पोटात उजव्या बाजूला दुखत होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पाळीला जाऊ दिलं नसतं. दुपारपासून तीनदा उलटी झाली होती, ती पपईच्या रसाच्या खात्यात गेली होती. हात धरला तर तळवे गार आणि ओलसर. घरच्यांना वाटत होतं ताप उतरल्याचा गारवा आहे.

अर्ध्या तासात त्याला रुग्णालयात नेलं. तिथे पीसीव्ही ५० भरला. ४१ वरून ५०, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ. डॉक्टर याच वाढीवर नजर ठेवून असतात. त्यांनी रक्तदाब घेतला आणि वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर पाहिलं. ते वीस किंवा त्याहून कमी झालं की शॉकची सुरुवात समजतात. सुदैवाने तिथवर गेलं नव्हतं. सलाईन लागलं, तेही मोजून. डॉक्टरांनी समजावलं, की भराभर पाणी भरायचं नसतं. एक-दोन दिवसांत गळती थांबते आणि बाहेर झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं. तेव्हा आधी जास्त भरलेलं असेल तर फुप्फुसांवर ताण येतो.

रात्री दर दोन तासांनी नर्स येत होती. आपा तसबीह हातात घेऊन बसली होती. पहाटे फजरच्या सुमारास पोराला भरपूर लघवी झाली. आपा रडली आणि नर्स हसली. सकाळी पीसीव्ही ४४ वर आला.

आता गंमत ऐका. त्याच सकाळी प्लेटलेट ५४ हजारांवर आल्या होत्या, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा किती तरी खाली. बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक हादरले. आत पोरगा नाश्ता मागत होता. ज्या दिवशी प्लेटलेट ब्याण्णव हजार होत्या त्या दिवशी तो धोक्यात होता, आणि ५४ हजार झाल्या तेव्हा धोक्यातून बाहेर आला होता. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी सावरतात, प्लेटलेट त्यांच्या मागून. रविवारी त्या लाखावर गेल्या, अंगाला लाल पुरळ आणि खाज आली, आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. आठवडाभर मागावर जायचं नाही, हे मात्र बजावून. मागाच्या शेडमध्ये घामाने पाणी किती जातं हे इचलकरंजीकरांना वेगळं सांगायला नको.

पाणी साठवायलाच लागतं, मग?

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून मागांबरोबर माणसं वाढत गेली, पण पंचगंगेच्या काठच्या या गावाला पुरेसं चांगलं पाणी मिळणं हा आजवर सुटलेला प्रश्न नाही. नळाला रोज पाणी येत नाही, मग प्रत्येक घरात बॅरल, टाकी, हौद, घागरी. बायका पाणी साठवतात ते हौसेने नव्हे. त्यांना 'पाणी साठवू नका' असं सांगणाऱ्या फलकाचा काय उपयोग?

साठवा, पण झाका. पाण्याची भांडी रात्री झाकून ठेवावीत, मशकीचं तोंड बांधावं, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपल्या घरांत आजी-नानींपासून चालत आली आहे. ती बॅरललाही लागू आहे. झाकण सैल असेल तर वरून घट्ट विणीचं कापड ताणून दोरीने बांधा. कापडाच्या गावात कापडाला काय तोटा! एडिस डासाची अंडी पाण्यात पडत नाहीत, पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी चढलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भिंत घासावी लागते. आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या सकाळी गुस्ल आणि साफसफाई आपण करतोच, त्याच वेळी बॅरल घासून कोरडा करा. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या, छपरावरचे टायरही त्यातच. मशिदीच्या वुजूच्या हौदात गप्पी मासे सोडले तर ते अळ्या खातात; हे मासे आरोग्य विभागाकडे मागता येतात.

आणखी एक गोष्ट फक्त मागांच्या गावाची. एडिस दिवसा चावतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, उघड्या अंगाने, पंख्याखाली. त्याला मच्छरदाणी रात्री नको, दिवसा हवी. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्यालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्या कोणाला चावेल.

विचारपूस

आजाऱ्याची विचारपूस करणं आपल्याकडे सवाबचं काम मानतात, आणि ते आहेच. फक्त डेंग्यूच्या घरी जाताना प्रश्न बदलू या. तापाचा कितवा दिवस? ताप उतरून किती तास झाले? लघवी शेवटची कधी झाली? (चार-सहा तासांत व्हायला हवी.) पोटात दुखतं का? उलट्या थांबत नाहीत का? हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळं शौच, बाईची पाळी नेहमीपेक्षा फार जास्त? माणूस गुंगीत आहे का, उगाच चिडचिड करतो आहे का? हातपाय गार आहेत का? पीसीव्ही कालच्यापेक्षा वाढला का? यातलं एक जरी उत्तर वाईट आलं, तरी रात्र आहे, पाळी आहे, पैसे नाहीत असं म्हणत थांबू नका. रुग्णालय गाठा. सरकारी दवाखान्यात डेंग्यूच्या तपासणीची सोय असते, तिची चौकशी साथ येण्याआधीच करून ठेवा.

आणि जाताना किवी नेण्यापेक्षा ओआरएसची चार पाकिटं न्या. अर्धा तास त्या आईला झोपू द्या आणि तेवढा वेळ तुम्ही घोट घोट पाजत बसा. ज्याची मजुरी बुडाली आहे, त्याच्या घरी रेशनची पिशवी पोचवा, म्हणजे ताप उतरल्या दिवशी त्याला मागावर जायची घाई होणार नाही. आमच्या भाच्याला त्या गुरुवारी मागाकडे ओढत होती ती चार दिवसांची बुडालेली मजुरी, आणि ती कोणत्याच रिपोर्टवर लिहिलेली नव्हती.

अल्लाह सगळ्या आजाऱ्यांना शिफा देवो.